नऊ क्विंटलची गरुडझेप

शेखर गायधनी यांनी ठरवलं होतं की स्वतः निवृत्त व्हायच्या आधी गरुडझेपेला निवृत्त करायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं. शेखररावांनी एकदा ठरवलं की ते मग स्वतःचंसुद्धा ऐकत नसत, आणि याचा त्यांना अभिमान होता.

गरुडझेप म्हणजे सिन्नर रस्त्यावरच्या 'मौजमळा' मनोरंजन नगरीतला रोलर कोस्टर. सहा बाकांची निळी गाडी, एका बाकावर दोन माणसं. साखळीने वर चढायचं, एक मोठा उतार, तीन वळणं, आणि शेवटी फलाटावर रंगवलेल्या पिवळ्या रेघेपाशी गपकन थांबायचं. पंचवीस वर्षांत अर्ध्या नाशिकने तिच्यात बसून आरडाओरडा केला होता आणि उरलेल्या अर्ध्याने खाली उभं राहून पर्सा सांभाळल्या होत्या. शेखरराव तिचे देखभाल-प्रमुख. ते स्वतः मात्र तिच्यात एकदाही बसले नव्हते. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "सगळेच पंगतीला बसले तर वाढणार कोण?" खरं कारण असं की सप्तशृंगी गडाच्या घाटातसुद्धा त्यांना खिडकीजवळची जागा आणि हातात लिंबू लागायचं. पण ही गोष्ट फक्त रोहिणीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला ठाऊक होती, आणि ती बाहेर फोडायची नाही असं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ठरलं होतं.

रोज सकाळी नऊला गाडीत पोती भरायची, तीन फेऱ्या मारायच्या, प्रत्येक वेळी गाडी पिवळ्या रेघेवर थांबली की नाही ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये भार, थांबण्याची जागा आणि 'ठीक' लिहून सही करायची. अशी सत्तावीस रजिस्टरं झाली होती. प्रत्येकाला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलावर शेखररावांचं ते सुप्रसिद्ध टपोरं अक्षर. पंचवीस वर्षांत एकाही माणसाला खरचटलं नव्हतं. एका गृहस्थांचा टोप मात्र उडाला होता. तोही सापडला, आणि तशी नोंद आहे.

आता तिला निवृत्त का करायचं? एक तर बनवणाऱ्या कंपनीने पुस्तिकेत लिहून दिलेलं आयुष्य होतं पंचवीस वर्षं, आणि ते या दसऱ्याला भरत होतं. दुसरं, ती कंपनीच दहा वर्षांपूर्वी बंद पडल्यामुळे ब्रेकचे भाग कुठे मिळत नव्हते. आणि तिसरं म्हणजे तिसऱ्या वळणावर येणारा 'खट्ट' असा आवाज. हा आवाज फक्त दोघांना ऐकू यायचा, शेखररावांना आणि गाडी चालवणाऱ्या यादवला. यादव सुरगाण्याकडचा, बोलायला कमी आणि कानाला पक्का. नोव्हेंबरअखेर शेखरराव निवृत्त होणार होते. नवा माणूस येईल, त्याच्या कानात मोबाइलची बोंडं असतील, आणि हा खट्ट कोण ऐकणार, या एका विचाराने शेखरराव रात्री उठून बसायचे.

मालक हर्षल. वडील गेल्यावर गादीवर आला. वय बत्तीस, स्वभावाने लाघवी. माणूस हो म्हणतोय की नाही म्हणतोय हे त्याच्या केबिनमधून बाहेर आल्यावर पार्किंगपर्यंत कळत नसे.

"काका, तुम्ही म्हणाल तेच होणार," तो म्हणाला. "नवीन राइड जानेवारीत येतेच आहे. फक्त दिवाळी होऊ द्या. भाऊबीजेला सिन्नरच्या एका कारखान्याची सहल आहे, चारशे माणसं. आणि पाडव्याला आपण तुमचा सत्कार ठेवलाय. बॅनरसुद्धा टाकलाय छापायला."

बॅनरचा मजकूर त्याने मोबाइलवर दाखवला. शेखररावांचा फोटो, मागे गरुडझेप, आणि खाली हातभर अक्षरांत 'पंचवीस वर्षे, एकही चूक नाही!' शेखरराव बॅनर बघत राहिले. आपल्याला होकार नव्हे, नकार मिळाला आहे, हे त्यांना पार्किंगमध्ये कळलं.

मालक दाद देत नाही म्हटल्यावर सरकारकडून गाडी बंद करवून घ्यायची, असा बेत त्यांनी आखला. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीत शेजारी राहणारे दिनेशराव प्रेसमधून निवृत्त झालेले. उभा जन्म नोटा छापण्यात गेल्यामुळे कुठलाही कागद त्यांना आपल्या घरचाच वाटायचा.

"अहो, यात काय अवघड आहे?" दिनेशराव म्हणाले. "पंधरा वर्षांवरची गाडी भंगारात काढायचा सरकारी नियमच आहे. तुमची तर पंचवीस वर्षांची. सरळ अर्ज ठोका."

शेखररावांनी ठोकला. गाड्यांच्या कचेरीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"नंबर प्लेट?"

"नाही."

"ड्रायव्हरचं लायसन?"

"ड्रायव्हर नसतो."

"मग खाली येताना चालवतं कोण?"

"गुरुत्वाकर्षण," शेखरराव अभिमानाने म्हणाले.

"त्यांना घेऊन या, आणि आधार कार्डाची झेरॉक्स," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

दिनेशराव जराही खचले नाहीत. सल्ला देणारा माणूस सहसा खचत नाही. खचायचं काम सल्ला घेणाऱ्याकडे असतं. त्यांनी लिफ्टच्या कचेरीत पाठवलं. तिथले साहेब सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "वर जाते, खाली येते, इथपर्यंत ती आमची. पण आडवी जाते म्हणता. आडवं जाणं आमच्याकडे येत नाही." तिसऱ्या ठिकाणी करमणुकीचे परवाने मिळायचे. तिथला कारकून म्हणाला, "सुरू करायचा अर्ज आहे बघा. बंद करायचा नाही. बंद पडलं की आम्हाला पेपरातून कळतं." हे वाक्य शेखररावांनी घरी येऊन रोहिणीबाईंना तीनदा सांगितलं.

शेवटी एक प्रमाणपत्र देणारे तपासनीस आले, रीतसर शुल्क भरून बोलावलेले. शेखररावांना हायसं वाटलं. त्यांनी खट्ट ऐकवला. तपासनिसांना तो ऐकू आला नाही. पुन्हा ऐकवला. तपासनीस म्हणाले, "तो माझा गुडघा असेल." मग त्यांनी रजिस्टरं मागितली, आणि तिथे घात झाला. एकेक रजिस्टर उघडताना त्या माणसाचे डोळे भरून येऊ लागले.

"गायधनी साहेब, मी उभा देश फिरलो," ते म्हणाले. "असं रजिस्टर पाहिलं नाही. रोज पूर्ण भार, नऊ क्विंटल. रोज तीन फेऱ्या. गेले सहा महिने तर गाडी रेघेच्या बोटभर अलीकडेच थांबतेय. म्हणजे उलट सुधारतेय! बंद कशाला करता?"

"पण आवाज..."

"आवाजाला कागद नाही साहेब. कागद तुमच्या बाजूने आहे." आणि त्यांनी गरुडझेपेला आणखी सहा महिने धडधाकट राहायचं प्रमाणपत्र देऊन टाकलं.

आपल्याच अक्षराने आपला पराभव केला, असं शेखररावांना त्या दिवशी वाटलं. पण खरं सांगायचं तर आतून थोड्या गुदगुल्याही झाल्या. स्तुती ती स्तुतीच.

आता त्या नऊ क्विंटलची हकीकत सांगायला हवी, कारण ती शेखररावांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कल्पना होती. पूर्वी चाचणीला वाळूची पोती असायची. पोती फाटायची, वाळू चाकांत जायची, आणि यादव दिवसभर ब्रश घेऊन रुळावर बसायचा. एप्रिलमध्ये रोहिणीबाईंचा भाऊ वाल्मीक नांदगावहून आला. त्याचा उन्हाळ कांदा निघाला होता, भाव पडला होता आणि चाळ भरून वर अठरा गोण्या उरल्या होत्या. शेखररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक गोणी पन्नास किलोची, एका बाकाला तीन, सहा बाकांना अठरा. बरोबर नऊ क्विंटल! फलाटाखाली सावली, चारी बाजूंनी वारा, कांद्याला याहून चांगली जागा कुठली? कांदा वाल्मीकचा, भार मौजमळ्याचा, भाव चढला की त्याने न्यावा. सगळ्या गोण्या काट्यावर घातल्या आणि प्रत्येकीच्या बिल्ल्यावर शेखररावांनी '५० किलो' असं स्वतःच्या हाताने रंगवलं.

वाल्मीक तर खूशच झाला. "दाजी, कांद्याला लय हवा लागती. तुमच्या गाडीत तर रोज तीन टाइम लागल. असं नशीब नाय कुणाच्या कांद्याचं!"

कल्पना इतकी नामी होती की ती स्वतःपुरती ठेवणं शेखररावांना स्वार्थीपणाचं वाटलं. राज्यभरातल्या देखभाल-प्रमुखांचा 'सुरक्षा परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, एकशे बारा सभासद. त्यावर त्यांनी गोण्यांच्या फोटोंसकट 'शून्य खर्चात पूर्ण भार' असा लेख टाकला. टाळ्यांचा पाऊस पडला. चार पार्कांनी लगेच कांदे आणले. एकाने लसूण.

अधूनमधून एखादा कांदा नासायचा, वास यायचा. शेखररावांचा हुकूम होता की नासलेले वेचून टाकायचे. यादव दर शनिवारी वेचायचा. गोण्यांची तोंडं ढिली पडायची, तो पुन्हा आवळून बांधायचा. शेखरराव म्हणायचे, "सुतळीला दम नाही हल्ली."

दसरा झाला, भाव चढला आणि वाल्मीक पिकअप घेऊन हजर झाला. दिवाळीला आठ दिवस होते. त्याने येताना काटा आणला होता. शेखरराव बाजूला खुर्ची टाकून बसले. एकेक गोणी काट्यावर चढत होती आणि वाल्मीक चोपडीत मांडत होता. शेवटची चढली, त्याने बेरीज केली.

"सहा क्विंटल दहा."

शेखरराव खुर्चीतून उठले. नऊचे सहा? त्यांच्या देखत, त्यांच्या फलाटाखालून तीन क्विंटल कांदा गेला? पंचवीस वर्षांत मौजमळ्यातून एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता. चोरी झाली होती, आणि चोर कोण हे शोधायला शेखररावांना फार डोकं लागलं नाही, कारण फलाटापासून तीस पावलांवर सुलाबाईंचं कॅन्टीन होतं आणि तिथली कांदाभजी प्रसिद्ध होती.

ते तडक तिथे गेले. सुलाबाई घाणा काढत होत्या.

"सुलाबाई, कांदा कुठून आणता?" शेखररावांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"का वं साहेब?"

"फलाटाखालचा तीन क्विंटल कांदा गेलाय."

सुलाबाईंनी झारा खाली ठेवला. कमरेवर हात ठेवले. "माझ्यावर आळ? माझ्या भज्यात तीन क्विंटल कांदा? आवो, इचारा की या गिऱ्हाइकांना! भज्यात कांदा गावला का कुणाला? सांगा रं! सा महिन्यांत गावला का?"

रांगेतले चार-पाच जण एकसुरात 'नाही' म्हणाले. एक जण तर फारच जोरात म्हणाला. यापेक्षा भक्कम पुरावा कुठल्याही कोर्टात दाखल झाला नसेल. शेखररावांनी दोन्ही हात जोडले आणि मागे वळले, तर वाल्मीक तिथेच उभा होता. तोंडात भजं होतं.

"दाजी, कशाला उगं बाईला तरास? चोरी कशाची? घट हे ती."

"घट म्हणजे?"

"कांदा सुकत नाय का? एप्रिलचा कांदा हे. सा महिन्यांत किलोला पाव किलो वाऱ्यावर जातो. वर नासका वेचला त्यो यगळा. मी तर साडेपाचच धरून आलतो. तुमच्याकडं चांगला टिकला की!"

शेखरराव तसेच फलाटाकडे चालू लागले. नाशिक जिल्ह्यात जन्मलेला, कांद्याच्या चाळींच्या सावलीत मोठा झालेला माणूस. दर वर्षी रोहिणीबाई माळ्यावरच्या कांद्याची टोपली खाली काढताना "बाई गं, किती सुकले" म्हणायच्या, ते यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. घरातला कांदा सुकतो आणि गाडीतला कांदा सुकत नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नसतं. पण सहा महिने ते तसंच वागले होते. पोत्यावर '५० किलो' लिहिलं होतं, आणि स्वतःच्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता.

त्यांना तपासनिसांचं वाक्य आठवलं. गाडी रेघेच्या अलीकडे थांबतेय. सुधारतेय. गाडी सुधारत नव्हती; ओझं हलकं होत होतं. एरवी गाडीत निम्मी पोरंच असायची, त्यामुळे ब्रेक झिजला असता तरी पूर्ण भाराशिवाय ते कळणार नव्हतं.

"यादव," ते म्हणाले, "पाण्याच्या घसरगुंडीच्या दुरुस्तीला सिमेंट आलंय ना? अठरा गोण्या आण. नव्या, शिवणीच्या. आणि प्रत्येक गोणी वाल्मीकच्या काट्यावर घाल."

अर्ध्या तासात गाडी भरली. नऊ क्विंटलला दोन किलो जास्तच. शेखरराव फलाटाच्या टोकाला, गाडी अडवायला बसवलेल्या रबरी धक्क्याच्या शेजारी उभे राहिले. यादवने कळ दाबली. गाडी वर गेली, उतरली, तिसऱ्या वळणावर खट्ट झालं. या वेळी तो वाल्मीकलाही ऐकू आला आणि त्याने टोपी धरली. गाडी फलाटात शिरली, ब्रेक लागला, किंचाळला, आणि पिवळी रेघ मागे टाकून गाडी तशीच चार फूट पुढे आली आणि रबरी धक्क्यावर आपटली. पहिल्या बाकावरची गोणी पुढे उडाली आणि फुटली.

धुरळा बसल्यावर फलाटावर एक राखाडी गृहस्थ उभे होते. फक्त डोळे शेखररावांचे होते.

"साहेब," यादव जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाणी नका लावू. घट्ट होल."

याच वेळी हर्षल बॅनरची गुंडाळी काखेत घेऊन फलाटावर आला. त्याने धक्का पाहिला, रेघ पाहिली, मग काकांना पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो लाघवी होता, पण मूर्ख नव्हता.

"बंद," तो म्हणाला. "काका, आजपासून गरुडझेप बंद. भाऊबीजेला माणसं बसली असती तर..." त्याने बॅनरची गुंडाळी खाली ठेवली. मग म्हणाला, "लिहून टाका, ब्रेक झिजला. तपासणीत आढळलं. झालं. मागचं काढायची गरज नाही."

"मागचं म्हणजे?"

"ते कांद्याचं. काका, पाडव्याला सत्कार आहे. पेपरवाले येणार आहेत. लोक काय म्हणतील?"

त्या दिवशी शेखरराव रजिस्टर न लिहिता घरी गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एक रकाना कोरा राहिला.

रोहिणीबाई चिवड्याचे पोहे भाजत होत्या. शेखररावांनी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. मध्ये 'घट' शब्द आला तेव्हा त्या हसल्या. आणि अशा हसल्या की गॅस बंद करावा लागला. शेखररावांनी मान ताठ ठेवून हसणं संपायची वाट पाहिली.

"अहो, मला विचारायचं ना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कांदा सुकतो हे सांगायला इंजिनीअर लागतो का?"

"हसा. सगळं नाशिक हसणार आहे, तुम्हीही हसून घ्या." ते स्टुलावर बसले. "रोहिणी, मला भीती वाटली. तो धक्का बसला ना, तेव्हा त्या पहिल्या बाकावर गोणी नव्हती दिसत मला. जून महिन्यात एक मास्तर आपल्या लेकीला घेऊन बसले होते तिथे. मी खाली उभा राहून हात हलवला होता त्यांना. 'ठीक' लिहून."

रोहिणीबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हर्षलने गाडी बंद केली ना? मग आता कोणाला धोका आहे?"

शेखरराव काहीतरी बोलणार होते, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. 'सुरक्षा परिवार'. धुळ्याकडच्या कोणीतरी फोटो टाकला होता, पाळण्यात ओळीने बसवलेल्या लाल जाळीच्या गोण्या. खाली मजकूर होता, 'गायधनी सरांच्या कृपेने दिवाळीची तयारी पूर्ण. पूर्ण भार चाचणी यशस्वी.'

पुढे काय करायचं याबद्दल त्यांना शंका उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता ते फलाटावर बसले, रजिस्टर उघडलं आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'ठीक नाही. पूर्ण भाराला गाडी रेघेपुढे चार फूट जाते. एप्रिलपासून आजपर्यंतचा प्रत्येक 'ठीक' चुकीचा आहे. भार कांद्याचा होता. कांदा सुकतो. मी वजन पुन्हा केलं नाही. चूक माझी. शे. गायधनी.' त्या पानाचा फोटो काढून एक प्रत त्यांनी तपासनिसांना पाठवली आणि एक ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आधी काट्यावर घाला. मग माणसं बसवा.'

एकशे अकरा सभासद दहा मिनिटं गप्प होते. त्या दहा मिनिटांत शेखररावांनी चष्मा सात वेळा पुसला. मग पहिला संदेश आला. 'कांदा, आठ क्विंटलचा साडेपाच. पाळणा बंद केला.' मग दुसरा. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत पाचही पार्कांची वजनं आली. लसूणवाल्याने फक्त दोन जोडलेले हात पाठवले. त्याची घट सर्वांत जास्त निघाली होती.

हर्षल दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, रजिस्टर उघडून ते पान वाचलं आणि म्हणाला, "काका, बाबा असते तर त्यांनी या पानावर सही केली असती." आणि स्वतः केली. सहल रद्द करायला त्याने कारखान्याला फोन केला आणि खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, बाकी सगळ्या पाळण्यांचा भार काट्यावर घालून झाला असेल तर आम्ही येतो. म्हणजे सहल आली.

पाडव्याला सत्कार दोघांचा झाला. गरुडझेपेच्या पुढच्या बाकाला शाल गुंडाळली, नारळ ठेवला, यादवने दसऱ्याच्या झेंडूच्या माळा काढून ताज्या बांधल्या. बॅनर खालून दुमडून लावला होता, त्यामुळे फोटोखाली फक्त 'पंचवीस वर्षे' एवढंच दिसत होतं. दिनेशरावांनी भाषणात सांगितलं की गाडी बंद करायचा मार्ग त्यांनीच सुचवला होता. कोणी हरकत घेतली नाही. सुलाबाईंनी सर्वांना फुकट भजी वाटली, आणि त्या दिवशी भज्यात कांदा होता.

नोव्हेंबरअखेर शेखरराव निवृत्त झाले. सात दिवस घरी होते. आठव्या दिवशी हर्षलचा फोन आला की नवी गाडी बसेपर्यंत सल्लागार म्हणून या, आणि रोहिणीबाईंचा फोन त्याच्या आदल्या दिवशीच हर्षलला जाऊन गेला होता, हे शेखररावांना आजतागायत माहीत नाही.

नवी गाडी फेब्रुवारीत उभी राहिली. लाल, चकचकीत, ब्रेक चुंबकाचे. कंपनीची इंजिनीअर वेदिका हातात टॅबलेट घेऊन आली होती. बाकांवर पाणी भरलेले प्लास्टिकचे बारा पुतळे बसवले होते. पहिली चाचणी बघायला सगळा मौजमळा जमला होता.

"सगळं ऑटोमॅटिक आहे सर," वेदिका म्हणाली. "एकेक पुतळा पंचाहत्तर किलोचा, फॅक्टरीतून भरून सीलबंद आलाय. तुम्ही फक्त सही करायची."

"केव्हा भरलाय?" शेखररावांनी विचारलं.

"डिसेंबरमध्ये. का?"

"यादव, काटा आण."

वेदिका समजुतीने हसली. आजोबांचं मन राखावं म्हणून तिने पुतळे उतरवू दिले. पहिला पंचाहत्तर. दुसरा पंचाहत्तर. वेदिकाने घड्याळ पाहिलं. तिसरा काट्यावर बसला आणि आकडा थांबला एकाहत्तरवर. वेदिकाने वाकून पाहिलं. पुतळ्याच्या झाकणाखाली बारीक ओल होती.

कॅन्टीनच्या दारातून सुलाबाईंचा आवाज आला, "घट!"

बारापैकी चार पुतळे कमी भरले. वेदिकाने निमूटपणे पाणी भरलं, झाकणं बदलली, आणि टॅबलेटवर कुठेच नसलेला 'आजचं वजन' हा रकाना स्वतः तयार केला. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा गाडी रेघेवर थांबली. खट्ट कुठेही नव्हता. यादवने मान हलवून तशी ग्वाही दिली.

"आता पहिली माणसांची फेरी," हर्षल म्हणाला. "कोण बसणार?"

सगळ्यांनी शेखररावांकडे पाहिलं. शेखररावांनी पंगतीचं वाक्य जुळवायला सुरुवात केली होती, पण त्यांना जून महिन्यातले ते मास्तर आठवले. त्यांनी रजिस्टर आणि चष्मा रोहिणीबाईंच्या हातात दिला. रोहिणीबाईंनी पर्समधून लिंबू काढून त्यांच्या मुठीत दिलं. ते सकाळपासून तिथे होतं. शेखरराव आधी काट्यावर चढले, वजन मोठ्याने वाचलं, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

गाडी गेली तशी आली. रेघेवर थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेखरराव सावकाश, अत्यंत भारदस्तपणे उतरले, दोन्ही हातांनी खांब धरला आणि रजिस्टर मागितलं. अक्षर नेहमीइतकं टपोरं आलं नाही, पण ते नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे आणि कोणालाही वाचता येतं:

'भार प्रत्यक्ष मोजला. गाडी ठीक. गायधनी अर्ध्या तासाने कळवतील.'